कोकणातल्या बंद घरातलं बेसिनखालचं कपाट : प्लाय, एचडीएचएमआर, डब्ल्यूपीसी की सरळ दगड?

सुपारीबाग · १५ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं. मागच्या पडवीला लागून पाच वर्षांपूर्वी नवं न्हाणीघर काढलं. आम्ही राहतो ठाण्याला. मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीत आठ दिवस घर उघडं असतं, मधले अडीच-तीन महिने कुलूप.

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचलो. हात धुवायला गेले आणि साबण काढायला बेसिनखालच्या कपाटाचं दार ओढलं, तर ते बिजागरीसकट हातात आलं. बिजागरीची वाटी बसवायला जे गोल भोक पाडलेलं असतं, त्याच्याभोवतीचा बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. बोट लावलं की भुगा. तळाच्या फळीवर करड्या बुरशीचा थर, आणि सगळीकडे तो सर्द वास. बाहेरचा सनमायका मात्र नवा असल्यासारखा चकचकीत.

मला कळत नाही ते हे की पाणी आलं कुठून? जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद केला होता. खालचा पाइप, बॉटल ट्रॅप, अँगल कॉक सगळं हाताने चाचपून पाहिलं, कोरडं ठणठणीत. छतही गळत नाही. तीन महिने त्या कपाटावर पाण्याचा एक थेंब पडलेला नाही आणि तरी ते कुजलं.

आता नवं करायचं आहे. चार फूट लांब, वर एकच बेसिन. चिपळूणच्या दुकानात एकाने एचडीएचएमआर (लाकडाच्या तंतूंचा दाट दाबलेला, ओल कमी पिणारा बोर्ड) सांगितलं, दुसऱ्याने मरीन प्लाय, तिसरा म्हणाला डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुगा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेला बोर्ड) लावा आणि आयुष्यभर विसरून जा. जुनं करणाऱ्यानेही पाच वर्षांपूर्वी असंच सांगितलं होतं. तुमच्यापैकी कुणी दमट हवेत, शक्यतो बंद राहणाऱ्या घरात, हे केलं असेल तर सांगाल का?

रंधापटाशी · १५ सप्टेंबर

ताई, आमचा कुडाळला सुतारकामाचा धंदा आहे, आजोबांपासून. तुमचं वर्णन वाचून सांगतो, तो बहुतेक पार्टिकल बोर्ड आहे. लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेला. तयार कपाटं बहुतेक त्याचीच असतात.

एक काम करा. कपाटाच्या तळाची खालची बाजू, जमिनीकडची, हात घालून बघा. तिथे सनमायका किंवा रंग आहे का? मागची कड, पाइप जायला पाडलेली भोकं, बिजागरीच्या वाट्या, हे सगळं आतून उघडं आहे का? मग पुढचं बोलू.

सुपारीबाग · १५ सप्टेंबर

@रंधापटाशी, बघितलं. खालची बाजू पूर्ण कोरी. पाइपाचं भोक करवतीने ओबडधोबड कापलेलं, तेही कोरं. मागे पातळ पत्र्यासारखी तीन मिलिमीटरची पाठ आहे, ती भिंतीच्या बाजूने काळी पडली आहे. आणि पाठीमागे भिंतीला टाइलच नाहीत! दिसणार नाही म्हणून मिस्त्रीने तेवढा भाग नुसता गिलावा ठेवला होता. आज पहिल्यांदा कळलं.

आगोटीचीहवा · १६ सप्टेंबर

पाणी कुठून आलं, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मी रत्नागिरीला तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड आणि लाकडापासून केलेली प्रत्येक गोष्ट हवेतून ओल घेते आणि हवेला ओल परत देते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं. तीच आर्द्रता ९० टक्क्यांवर जाऊन टिकली, तर हे पाणी २० टक्क्यांच्या घरात जातं. थेंब पडायची गरजच नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच ८५-९० टक्के असते, आणि बंद न्हाणीघरात तर कोरडं व्हायला वावच नसतो.

दुसरं, दव. बाहेरची हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २५ अंशांच्या आसपास थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. फरशीला घाम सुटतो म्हणतो ना आपण, तो हाच. कपाटाच्या पोटात, भिंतीला टेकलेली पाठ हा असाच थंड कोपरा. त्यात तुमची भिंत चिऱ्याची. चिरा सच्छिद्र, पावसाचा मारा असलेल्या बाजूने ओल आत ओढतो. नुसत्या गिलाव्याने ती थांबत नाही. म्हणजे कपाटाची पाठ तीन महिने ओल्या फडक्याला टेकून उभी होती असं समजा.

बुरशीला पाणी वाहतं लागत नाही. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की तिचं भागतं.

म्हणून माझं मत असं की बोर्डाचं नाव नंतर ठरवा. आधी त्या कपाटाला पाठ हवीच का, दारं ठोकळ्यासारखी बंद हवीत का, याचा विचार करा.

वाशिष्ठीकाठ · १६ सप्टेंबर

चिपळूणहून लिहितेय. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. तुमचा प्रश्न दमट हवेचा आहे आणि माझा अनुभव थेट पाण्याचा, तरी सांगते, कारण एकाच घरात सगळ्या वस्तूंची एकदम परीक्षा झाली.

पाणी ओसरल्यावर चिखल काढताना काय उरलं? मुलाच्या खोलीतलं तयार कपाट आणि टीव्हीचं टेबल फावड्याने भरून बाहेर टाकलं, अक्षरशः लापशी झाली होती. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीज प्लायच्या होत्या, त्यातल्या अर्ध्या पापुद्रे सुटून उकललेल्या, अर्ध्या धुऊन-वाळवून आजही वापरात आहेत. एकाच सुताराने एकाच वेळी केलेल्या! नंतर तोच म्हणाला की माल कमी पडला म्हणून काही तुकडे दुसऱ्या प्लायचे लावले होते. सासूबाईंचा सागाचा पाट आणि फडताळ उन्हात पंधरा दिवस ठेवलं, थोडं वाकडं झालं, पण टिकलं. आणि बेसिनखाली होते ते दोन उभे कडप्पे. त्यांच्यावर नळीने पाणी मारलं, झालं.

तेव्हापासून आमच्या घरात जमिनीपासून तीन फुटांच्या आत बोर्डाचं काहीही करायचं नाही असं ठरलंय.

रंधापटाशी · १६ सप्टेंबर

@वाशिष्ठीकाठ, तुमच्या अर्ध्या ट्रॉलीज उकलल्या त्याचं कारण आतला डिंक. साध्या प्लायला, ज्याला बाजारात एमआर म्हणतात, त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. तो गरम दमट हवेत हळूहळू दम सोडतो. बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या प्लायमध्ये, फिनॉलचा डिंक असतो, तो पाण्याला दाद देत नाही. मरीन म्हणून जे विकतात त्यावर आयएस ७१० असा शिक्का हवा. त्या मानकात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पापुद्रे सुटतात का ते बघतात. नुसतं 'मरीन', 'वॉटरप्रूफ', 'लाइफटाइम' छापलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. आयएसआयच्या चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभं राहून, मोबाइलवर, दोन मिनिटांचं काम. हे जरूर करा, दुकानदाराला वाईट वाटलं तरी चालेल.

पण ताई, खरी गोष्ट कडांची आहे. बोर्डाची सपाट बाजू पाणी कमी पिते, कापलेली कड जास्त पिते. आम्ही पुढची कड पट्टी लावून सुंदर करतो कारण गिऱ्हाईक तीच बघतं. मागची, खालची, भोकातली कड कोरी राहते. आमच्या धंद्यातली ही वाईट सवय आहे, मी ती मान्य करतो. वडील प्रत्येक कापावर काजूच्या टरफलाचं तेल दोन हात मारायचे. होड्यांना आणि वाशांना लावतात तेच. वास येतो, हाताला लागलं तर कातडी सोलते, पण वाळवी आणि पाणी दोन्ही लांब राहतं. आता आम्ही भोकांना आणि मागच्या कडांना इपॉक्सी लावतो आणि बाकी सगळ्या कडांना दोन मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी.

सुपारीबाग · १७ सप्टेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अजून एक गोष्ट सापडली. मोडकं कपाट बाहेर काढलं तेव्हा लक्षात आलं की एका बाजूच्या बिजागऱ्या नुसत्या मळकट झाल्यात आणि दुसऱ्या बाजूच्या गंजून फुलासारख्या उमलल्यात. गंजलेल्या बाजूला आत काय ठेवलेलं होतं? संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली. झाकण घट्ट होतं, तरी!

निकेलक्रोम · १७ सप्टेंबर

सुपारीबाग ताई, झाकण घट्ट असूनही त्यातून वाफ निघत राहते. संडासाच्या बहुतेक क्लिनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याची वाफ आणि बंद दमट कपाट, याहून लवकर गंजायला दुसरं काही लागत नाही. ती बाटली बेसिनखाली कधीच ठेवू नका, बाहेर पडवीत ठेवा. ब्लीचिंग पावडरचंही तेच.

मी नोकरीची बत्तीस वर्षं स्टेनलेस स्टील तपासण्यात घालवली. बिजागऱ्या, स्क्रू, ब्रॅकेट याबद्दल लिहितो, कारण कपाट कशाचंही करा, मोडतं ते बहुधा तिथेच.

बाजारात 'एसएस' म्हणून तीन गोष्टी मिळतात. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. पुण्यात ते वर्षानुवर्षं टिकेल, समुद्राजवळ एका पावसाळ्यात तांबडे ठिपके दिसतील. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. तुमच्यासाठी किमान हे. ३१६ मध्ये वर आणखी दोन-तीन टक्के मोलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेतला क्लोराइड जे बारीक खड्डे पाडतो त्याला ते रोखतं. दीड किलोमीटरवर घर असेल तर दिसणाऱ्या दांड्या आणि हुक ३१६ चे घ्या, वस्तू थोड्या आहेत, फरक परवडेल.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटला नाही म्हणजे ३०४. हे चूक आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची तपासणी मिळते, त्यात २०२ असेल तर थेंब लाल होतो. मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे ती बाटली असतेच, करून दाखवा म्हणा.

आणि बिजागरी घेताना वरचा पत्राच फक्त स्टेनलेस आहे की आतली स्प्रिंग आणि स्क्रूसुद्धा, ते विचारा. मी उघडून पाहिलेल्या अनेक हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्यांमध्ये आतली पिन साध्या लोखंडाची निघाली.

मांडवीतीर · १८ सप्टेंबर

पणजीहून. डब्ल्यूपीसीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे दोन्ही न्हाणीघरांत तेच आहे, सहा वर्षं झाली.

चांगलं आधी सांगतो. फुगलं नाही, कुजलं नाही, वाळवी लागली नाही. बुरशी वर धरते पण ओल्या फडक्याने निघून जाते, आत शिरत नाही. पाण्यापुरतं बोलायचं तर दुकानदार खरं बोलतोय.

पण 'विसरून जा' हे खोटं आहे. एक, स्क्रू. आमच्या दारांच्या बिजागऱ्या दोन वर्षांत ढिल्या झाल्या. एकदा काढून परत लावल्या की भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरतो. शेवटी आरपार बोल्ट घातले. दोन, बाक. साडेतीन फुटांच्या फळीवर शॅम्पूच्या बाटल्या आणि बादलीभर साबण ठेवला, ती मधोमध बोटभर खाली आली आणि मग परत वर आली नाही. आता मध्ये एक उभा तुकडा टेकू म्हणून लावलाय. तीन, नाव एक आणि माल दुसरा. डब्ल्यूपीसी म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं निव्वळ पीव्हीसी फोम असतं. वजन करून बघा. हातात घेतल्यावर थर्माकोलसारखं हलकं वाटलं तर परत ठेवा.

भावाच्या घरी गीझर बेसिनच्या अगदी वर आणि खिडकीतून पश्चिमेचं ऊन थेट दारावर. तिथे दार थोडं वाकलंय. उष्णता या मालाला मानवत नाही.

माजघर · १८ सप्टेंबर

मी अलिबागजवळ राहते, वय बहात्तर. आमच्या वेळी व्हॅनिटी हा शब्द नव्हता. मोरीत कट्टा असायचा. त्याखाली बंब किंवा घंगाळ आणि सगळीकडून वारा.

माझं स्पष्ट मत सांगू का? न्हाणीघरात लाकूड नकोच. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा १९८८ साली कडप्प्याचे उभे दगड रोवून बांधला, वर ग्रॅनाइट नंतर बसवला, दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीची. बेसिनखाली पण तसंच केलं. दारं एकदा बदलली, दगडाला हातही लावावा लागला नाही. आत पाणी सांडलं तर झाडूने ओढून मोरीकडे लोटते. ही सोय तुमच्या कुठल्या बोर्डात आहे ते सांगा.

मुली म्हणतात जुनाट दिसतं. दिसू दे. दर गणपतीला नाक धरून कपाट उघडण्यापेक्षा बरं.

रंधापटाशी · १८ सप्टेंबर

माजघर काकू, तुमचं म्हणणं पटतं आणि तरी दोन गोष्टी सुचवतो, कारण हे वाचून दुसरे कुणी करतील.

कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे. ॲसिड सांडलं की फेस येतो आणि तिथे पांढरट, खरखरीत डाग राहतो. त्याचे पदर सुटतात, विशेषतः कडेला. उभा टेकू म्हणून उत्तम, पण वरचा कट्टा ग्रॅनाइटचाच हवा. संगमरवर तर बेसिनशेजारी अजिबात नको, तोही आम्लाला हळवा आणि हळद, तेल, मेंदी सगळं पितो.

दुसरं, चिरा. टांगतं कपाट म्हणून हल्ली सगळ्यांना हवं असतं. काँक्रीटच्या भिंतीत ते छान बसतं. चिऱ्यात ड्रिल मारलं की भोक वेडंवाकडं मोठं होतं आणि प्लॅस्टिकचा गट्टू धरत नाही. ग्रॅनाइट, बेसिन आणि पाणी मिळून साठ-सत्तर किलो सहज होतं, वर कुणी टेकून उभं राहिलं तर आणखी. सावंतवाडीच्या एका घरात असं टांगलेलं युनिट भिंतीतून उपटून पडलेलं मी उचललंय, नशिबाने जवळ मूल नव्हतं. चिऱ्यात एकतर केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारा रासायनिक डिंक) भरून बोल्ट घ्या, नाहीतर भिंतीत चांगली चार इंच खाच पाडून दगडच रोवा. जमिनीवर उभं असेल तर हा प्रश्नच नाही.

चिरेबंदी · १९ सप्टेंबर

मला एक विचारायचं आहे. घरचं फणसाचं लाकूड आहे, आजोबांनी कापून ठेवलेलं, वीस वर्षं माळ्यावर वाळतंय. त्याची दारं केली तर? मन होत नाही बोर्ड आणायला.

रंधापटाशी · १९ सप्टेंबर

@चिरेबंदी, जरूर करा. वीस वर्षं वाळलेला फणस म्हणजे सोनं आहे, आता तसा मिळत नाही. फक्त अखंड फळीचं दार करू नका. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगतं, दार अडकतं, मग लोक रंधा मारतात आणि मार्गशीर्षात फट पडते. चौकट करा, आत पट्ट्या तिरक्या बसवा, जुन्या खिडक्यांच्या झडपांसारख्या. पट्ट्यांना खोबणीत थोडी जागा सोडा, डिंक लावू नका, म्हणजे त्या आपापल्या फुगतील आणि आकसतील. वारा खेळेल तो वेगळाच.

पॉलिश चपडीचं नको. पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग पडतो. पीयू (पॉलियुरेथेन) करा, चारही कडांना आणि आतल्या बाजूलाही तितकेच हात. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झालं तर दार पिळतं. सगळ्यात आधी भुंग्याची भोकं तपासा, ताजी पिवळी पूड पडत असेल तर औषध भरल्याशिवाय घरात आणू नका.

सुपारीबाग · २९ सप्टेंबर

ठाण्याला परत आल्यावर मी एक प्रयोग केला. तीन दुकानांतून कापून उरलेले तुकडे मागून आणले, सगळे अठरा मिलिमीटर जाडीचे, तळहाताएवढे. मुलाच्या व्हर्नियरने जाडी मोजली, कडेला पेनाने नावं घातली आणि बादलीत सात दिवस बुडवून ठेवले, वर पाटा ठेवून. घरातले सगळे रोज डोकावून बघायचे.

पार्टिकल बोर्ड दुसऱ्याच दिवशी कडेला फुगला. सातव्या दिवशी जाडी साडेतेवीस, आणि चिमटीत धरला तर कोपरा हातात आला. साधा एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड) बावीस. एचडीएचएमआर एकोणीसच्या थोडा वर, पण अंगठ्याने दाबला तर घट्ट. आयएस ७१० चा प्लाय अठरा पूर्णांक सहा, पापुद्रे सुटले नाहीत, पण मधल्या थरात एक पोकळी होती तिच्यातून दोन दिवस पाणी झिरपत राहिलं. पीव्हीसीचा तुकडा जसाच्या तसा अठरा.

एचडीएचएमआरचे मी दोन तुकडे ठेवले होते. दुसऱ्याच्या चारही कडांना @रंधापटाशी दादांनी सांगितल्याप्रमाणे इपॉक्सी लावलं होतं, दोन हात. तो पाचव्या दिवसापर्यंत अठराच होता! त्याच बोर्डाचा तुकडा, त्याच बादलीत. मग मी त्यात मुद्दाम एक भोक पाडून परत बुडवला, तर दोन दिवसांत त्या भोकाभोवती गोल उंचवटा आला. माझ्या मोडक्या दाराच्या बिजागरीभोवती होता तसाच, हुबेहूब. तेव्हा खरं समजलं काय झालं होतं ते.

मग वाळवले. बाकीचे थोडे आकसले, पार्टिकल बोर्ड तसाच फुगलेला राहिला.

आगोटीचीहवा · २९ सप्टेंबर

फार छान केलंत! मी शाळेत असतो तर मुलांना हाच प्रयोग दिला असता.

फक्त एक लक्षात असू द्या. सात दिवस बादलीत राहणं वेगळं आणि दरवर्षी तीन महिने फुगून मग नऊ महिने आकसणं वेगळं. असं पाच-सहा वर्षं झालं की कडेच्या पट्टीचा डिंक हळूहळू सुटतो आणि मग पाण्याला वाट मिळते. इपॉक्सी लावलेली कड उत्तम, पण दर दोन वर्षांनी ती बघणारं माणूस घरात हवं. तुमचं घर बंद असतं, म्हणून मी स्वतः दगडाच्या बाजूचा आहे.

सुपारीबाग · ४ ऑक्टोबर

ठरलं. मंडळी, असं करतेय, चुकत असेल तर आताच सांगा.

आधी भिंत. पूर्ण टाइल, कपाटामागेसुद्धा, जमिनीपर्यंत. बाहेरच्या बाजूने पावसाच्या माऱ्याला जलरोधक लेप. मग तीन उभे ग्रॅनाइट, जमिनीवर टेकलेले आणि भिंतीत चार इंच रोवलेले. वर काळा ग्रॅनाइट, पुढे दीड इंच बाहेर काढून खालच्या अंगाला बारीक खाच, म्हणजे ओघळ आत न जाता तिथेच गळेल. मध्ये दगडाचीच एक फळी, जमिनीपासून फूटभर वर. पाठ नाही. दारं ॲनोडाइज केलेल्या (वर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवलेल्या) ॲल्युमिनियमची, झडपांची. ड्रॉवर नाहीत, प्लॅस्टिकच्या टोपल्या.

खिडकीच्या वर एक्झॉस्ट फॅन होता, त्याच्या जागी कायम उघडी जाळी आणि वर छोटी पन्हाळ. बंद घरात फॅन चालवणार कोण?

दगड चिपळूणच्या एका कारागिराकडे दुसऱ्या कामातून उरलेला होता, त्यामुळे सगळं मिळून आमचे बोर्डाच्या कपाटापेक्षा सहा हजार जास्त जात आहेत.

निकेलक्रोम · ४ ऑक्टोबर

उत्तम. दोनच गोष्टी. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे स्क्रू लावाल तेव्हा मध्ये नायलॉनचा वायसर घालायला सांगा, प्रत्येक स्क्रूला. खारी ओल आणि दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असले की ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रूभोवती पांढरी पूड येते. आणि चौकट ओल्या सिमेंटला थेट लावू देऊ नका, सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. ॲनोडाइजिंग वीस-पंचवीस मायक्रॉनचं मागा, समुद्राजवळ त्याहून पातळ नको.

सांधे भरायला सिलिकॉन घ्याल ते न्यूट्रल आणि बुरशीरोधक. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते दुसरं, ते धातूला आणि आरशाच्या पाठीला चालत नाही.

मांडवीतीर · ५ ऑक्टोबर

बंद करून जाताना बॉटल ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खोबरेल सोडा. उन्हाळ्यात घर बंद असलं तर ट्रॅप सुकतो आणि झुरळं वर येतात. तेलाने पाणी उडत नाही.

सुपारीबाग · ४ सप्टेंबर

धागा वर काढतेय. अकरा महिने झाले, मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. २५ ऑगस्टला घर उघडलं.

आधी वास. नाहीच! सासरे दारातच थांबून म्हणाले, कुणी येऊन झाडून गेलं का. झडपांवर धूळ आणि कोळ्याची जाळी, पण बुरशी नाही. आतल्या दगडाच्या फळीवर ओलसर चमक होती, फडकं फिरवलं आणि दुपारपर्यंत कोरडी.

दोन गोष्टी बिघडल्यात. आरशाच्या खालच्या कडेला काळ्या शाईसारखे डाग चढलेत, साधारण बोटभर. आणि डावीकडच्या दाराला मधल्या बिजागरीच्या दोन स्क्रूंभोवती पांढरी पूड आलीय, नखाने खरवडली की खाली खडबडीत लागतं. बाकी कुठल्याच स्क्रूला नाही.

निकेलक्रोम · ४ सप्टेंबर

ते दोन स्क्रू काढून बघा. वायसर आहे का?

आरशाचं सांगतो. पाठीवरच्या चांदीच्या थराला खालच्या कडेने ओल लागली. आरसा कट्ट्यावर टेकवून बसवलाय का? नवा घ्याल तेव्हा कट्ट्यापासून अर्धा इंच वर ठेवा, भिंतीपासूनही थोडा सुटा, म्हणजे मागे वारा लागेल. कडांना पाठीमागून न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ.

सुपारीबाग · ५ सप्टेंबर

आरसा टेकवलेलाच होता. आणि स्क्रू काढले. त्या दोघांनाच वायसर नव्हता, बाकी सगळ्यांना आहे. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, शेवटचे दोन संपले होते, नंतर घालतो म्हणून राहून गेलं. आज सकाळी मोदकाच्या वेळेला सायकलवरून आले, पूड घासून काढली, वायसर घातले आणि चार जास्तीचे माझ्या हातात ठेवून गेले. टोपलीत ठेवलेत, बेसिनखाली.